माणिकरावाच्या पत्र्यावरचा कावळा

आधीच सांगून ठिवते, मला हळू बोलता येत न्हाई. गोरेगावच्या जीप स्टँडवर माही चहाची टपरी हाय. तिथं चार-चार डायवर एकदम "सेनगाव, सेनगाव" करून बोंबलत राहत्यात, त्यांच्यावर आवाज चढवल्याबिगर गिऱ्हाईक वळून बी पाहत न्हाई. माहा नवरा सोनाजी त्याच्यातलीच एक जीप चालवतो. तो म्हनतो, "शकू, तू नुसती हाक मारली तरी माही जीप भरती, पर घरी आल्यावर जरा आवाज बारीक करत जाय." म्हनू दे. बारीक आवाजाच्या बाया मी लई पाहिल्या, त्यांचं कोन ऐकतं?

आन् यंदाच्या पितरपाट्यात, म्हंजे पितृपक्षात, हाच आवाज कामाला आला का न्हाई, ते तुमीच ठरवा.

धुरपतामावशी आमची घरमालकीन. पुसेगाव सोडून आमी गोरेगावला आलो, तव्हापासून तिच्या मागच्या खोलीत राहतो. तिचा नवरा लई आधी गेला, पोटी लेकरू न्हाई. पर सैपाकात तिच्या हाताला पंचक्रोशीत तोड न्हाई. लगन असो, बारसं असो, पितर असो, पुरनपोळी लाटायला मावशीच पाहिजे. त्याच्यावरच तिचं पोट.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर मानूस उभा राहिला तर तिला निस्ता धूर दिसायचा. पर बाई कबूल करंल तर शपथ! "मला सगळं दिसतं" म्हनायची, आन् मिठाच्या डब्यात साखर वतायची. पोळ्याच्या सनाला मात्र हद्द झाली. कढईत तेल कडकडीत, मावशी पुऱ्या तळून रायली, आन् खाली तिचा पदर जळून रायला. वास आला तर मला म्हनते, "शकू, पुरी करपली का गं?" मी पान्याची आख्खी कळशी तिच्या अंगावर वतली. पुरी कशाची, बाईच करपली असती!

त्या दिवसापासून बाया कुजबुजायला लागल्या, मावशीला आता बोलवावं का न्हाई म्हनून. मला धडकीच भरली. सैपाकाला कोनी बोलवलं न्हाई तर ही बाई खानार काय?

मी गप बसनारी हाय का? सोनाजीच्या जीपमधी घातलं आन् नेलं शहरात. खाजगी दवाखान्यातल्या मानसानं गोड हसून एका डोळ्याचा खर्च सांगितला. तेवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. म्हंजे दोन्ही डोळ्यांच्या चार. मावशीकडं शेळीची शेपटी बी न्हाई. सरकारी दवाखान्यात नाव लावलं, पर पुढं रांग मोठी, नंबर दिवाळीनंतर. तवरक पदर किती येळा पेटंल? कोनी म्हनलं, कार्ड काढा, कार्डावर खाजगीत बी फुकट होतं. चला, कार्ड काढू! तर कार्डाला अंगठा पाहिजे. मावशीनं जिंदगीभर तव्यावरची पोळी बोटानंच उलटली, बोटाला रेघ म्हनून ऱ्हायली न्हाई. अंगठा ठिवला, मशीन न्हाई म्हने. धुतला, पुसला, खोबऱ्याचं तेल लावलं, दाबून धरला. न्हाईच. मशीनवर बसलेलं पोरगं म्हनतं, "मावशी, महिनाभर काम बंद ठिवा, रेघा येतील."

"आन् महिनाभर खाऊ काय, तुही मशीन?" मी म्हनलं. सोनाजीनं मला हाताला धरून भाईर आनलं.

अशात एक दिवस टपरीवर रेवती नावाची पोरगी चहा प्यायला थांबली. पाठीला बॅग, पायात बूट, बोलायला चटपटीत. नांदेडकडल्या एका धर्मादाय दवाखान्यातून आल्ती. म्हनली, गावात आमची बस येनार, शाळेत डोळे तपासनार, ज्यांना मोतीबिंदू हाय त्यांना घेऊन जानार. ऑपरेशन, राहनं, जेवन, काळा चष्मा, सगळं फुकट. 

"कार्ड?" मी इचारलं.

"नको."

"अंगठा?"

"नको मावशी, डोळा पाहिजे फक्त!"

मला वाटलं हिची आलाबला घ्यावी. घेतली बी. भर स्टँडवर बोटं मोडली. पर तिनं एक अट सांगितली. बस लांबून येती, डिझेल लागतं, डॉक्टर थांबून राहत्यात. तीस मानसं झाली तर बस, न्हाई तर बस दुसऱ्या गावाला. म्हंजे आमच्या जीपसारखंच, सीट भरल्याबिगर निघत न्हाई. तीस म्हंजे काय लई झाले? मी म्हनलं, तीसचे साठ देते.

कशाचे साठ! बस येनार व्हती पितरपाट्यात. अख्खा पंधरवडा पितरांचा. कोनी नवं लुगडं घेत न्हाई, सोयरीक बोलत न्हाई, मंग डोळ्याला सुई लावून घेनार कोन? मी घरोघर फिरले. एक म्हने, घट बसल्यावर पाहू. दुसरा म्हने, मोतीबिंदू आजून पिकला न्हाई. अरे, सीताफळ हाय का पिकायला! तिसऱ्याचं म्हननं, डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं. चवथ्याचं सोयाबीन काढायला आलतं, आन् त्याच्या वावरात जाऊन पाहिलं तर पान आजून हिरवंगार. सगळ्यांचा शेवट मात्र एकच, "देवळातले विश्वंभर गुरुजी म्हनले, घट बसेपर्यंत काही करू नका."

घुमून घुमून अकरा नावं झाली. त्यात एक मावशीचं, तेबी मीच सांगितलेलं.

बस यायच्या आदल्या दिवशी माणिकराव पाटलाच्या घरी पितर व्हते. माणिकराव म्हंजे गावातला मोठा बागायतदार, मनानं चांगला, पर डोक्यानं गरम. त्याच्या बापाची तिथ. शंभर पान जेवायला. सैपाक अर्थातच मावशीकडं, आन् मावशीला सांगायला मी. "मावशे, आता उलट. आता काढ. आगं, तिकडं न्हाई, इकडं पाटी!" अशी सकाळपासून वरडून रायली व्हते. तेवढ्यात रेवतीचा फोन.

"मावशी, अकराच नावं आहेत. साहेब म्हणतात बस दुसरीकडे पाठवू."

"थांब की गं बाई!"

"संध्याकाळपर्यंत थांबवते. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

माह्या हातातला झारा तसाच ऱ्हायला. मावशीनं ऐकलं. निस्ती पोळी लाटत ऱ्हायली. लाटता लाटता म्हनली, "जाऊ दे शकू. ऱ्हायलं." मला तर रडू यायच्या आधी रागच आला. काहून जाऊ दे? तुहा डोळा, तुहं पोट, आन् जाऊ दे?

दुपार चढली. पत्र्याच्या छपरावर पितराचं पान ठिवलं. वडा, भात, पुरनपोळी, सगळं वाढून. आता कावळा येऊन शिवला की मंगच मानसांनी जेवायचं, ही रीत. पर कावळा येईना. अंगनात गुरुजी उभे, हात जोडून वर पाहून रायले. त्यांच्या बाजूला माणिकराव, कपाळावर हात धरून. मागं शंभर मानसं, पोटात कावळे वरडतेत, पर पत्र्यावर एकबी न्हाई. कोनी म्हने, म्हातारा रुसला. कोनी म्हने, त्याला मिरचीचा ठेचा लागायचा, तो ठिवला का? ठेचा बी ठिवला. न्हाई.

मी पान्याची घागर घेऊन नेमकी अंगनात आले, आन् वाऱ्याची एक झुळूक आली. कुठून तरी एक काळी कॅरीबॅग उडत आली, पत्र्यावर आपटली, पानापाशी फडफडली आन् पलीकडं गेली.

"शिवला!" गुरुजी वरडले. "शिवला, शिवला! बसा पंगतीला!"

"आला व्हता, म्या पाहिला!" माणिकराव बी वरडला, डोळ्यांत पानी त्याच्या. "माह्या बापानं घास घेतला!"

लोक धावले पत्रावळीकडं. मी तिथंच उभी. घागर कमरेवर, तोंड उघडं. आधी वाटलं मोठ्यानं हसावं. मंग डोक्यात एकदम उजेडच पडला, गुरुजींना बी दिसत न्हाई! पंगत उठेपर्यंत मी कशी दम धरून बसले, ते माहं मला माहीत. सोनाजीनं दोनदा इचारलं, "तुहं पोट दुखतं का? आज बोलंनास?"

जेवनं झाली, आन् मी देवळात गाठलं गुरुजींना. म्हनलं, आज हळूच बोलायचं. पर देवळाचा गाभारा, तिथं कुजबुज केली तरी घुमती.

"गुरुजी, कावळा शिवला का?"

"शिवला ना. तुझ्यासमोर तर शिवला."

"गुरुजी, ती कॅरीबॅग व्हती. काळी. संतरामच्या दुकानातली."

गुरुजींनी उपरन्यानं कपाळ पुसलं. मंग पायरीवर बसले, हळूच, पायरी हातानं चाचपून. तव्हा माह्या ध्यानात आलं, हा मानूस गेले कित्येक दिवस चाचपूनच बसून रायला, आन् आमी समजलो गुडघे दुखत्यात.

"किती दिवस झाले गुरुजी?"

"दोन वर्षं," ते म्हनले. "मंत्र पाठ आहेत म्हणून निभतं. पंचांग नातीकडून वाचून घेतो."

"मंग लोकांना काहून सांगता, घट बसेपर्यंत थांबा म्हनून?"

तर येवढा मोठा मानूस, पांढऱ्या मिशांचा, लेकरासारखा मान खाली घालून म्हनला, "शकूबाई, मला भीती वाटते. डोळ्यात सुई घालतात हो. लोकांना थांबा म्हटलं की मलाही थांबता येतं."

मला वरडायचं व्हतं, पर वरडवलं न्हाई. मी म्हनलं, "गुरुजी, मला बी भीती वाटती. तिकडं धुरपतामावशीचा पदर पेटला व्हता. दुसऱ्या बारीला मी घरी नसले तर? तुमी निस्तं येवढंच सांगा, का पितरपाट्यात ऑपरेशन चालतं. कावळ्याचं मी कोनाला सांगत न्हाई. माह्या कुंकवाची शप्पथ."

गुरुजी उठले. भोंग्याचं बटन चाचपून लावलं. खर्र खर्र झालं. आन् ते जे बोलले ना, मला आजून अंगावर काटा येतो.

"गावकरी मंडळी, विश्वंभर गुरुजी बोलतोय. आज माणिकरावांच्या घरी कावळा शिवला असं मी सांगितलं. तो कावळा नव्हता. ती पिशवी होती. चूक माझ्या डोळ्यांची आहे. पितृपक्षात शुभकार्य करू नये असं शास्त्र सांगतं. आंधळं राहावं असं कोणतंही शास्त्र सांगत नाही. मी उद्याच्या बसनं ऑपरेशनला जातोय. ज्यांना माझ्यासारखं दिसतं, त्यांनी माझ्यासोबत यावं."

आगं माय! मी तर सांगू नका म्हनलं, आन् ह्या बाबानं भोंग्यावर सांगितलं! 

भोंगा बंद व्हायच्या आत गावात कल्लोळ. टपऱ्या बंद, दुकानं बंद, जो तो देवळाकडं. आन् सगळ्यांत पुढं माणिकराव, धोतराचा सोगा हातात धरून, लालबुंद.

"माहा बाप उपाशी ठिवला! शंभर मानसं जेवली आन् माहा बाप उपाशी! कोन म्हनतं पिशवी? म्या सोताच्या डोळ्यानं कावळा पाहिला! चांगला पंख हालवून रायला व्हता!"

"त्या पिशवीच्या बंदाला तुमी पंख म्हनले, दादा," मी म्हनलं.

"तू गप! मला दिसत न्हाई का?"

"दिसत असंल तर सांगा, माह्या मागं कोन उभं हाय?"

माणिकरावानं डोळे बारीक केले, मान पुढं काढली. "सोनाजी."

माह्या मागं देवळातला खांब व्हता. खांबाला कोनीतरी टॉवेल वाळत घातलेला. सोनाजी तर माणिकरावाच्याच बाजूला उभा, "म्या हिकडं हाय मालक" म्हनून रायला.

जे हसले लोक! माणिकराव आधी चिडला, मंग त्याच्या मिशीखाली काहीतरी हाललं, मंग तोबी हसला. पर लगेच डोळे भरले त्याचे. "शकू, पर माह्या बापाचं काय?"

"बापाला आताच्या आता जेवू घाला. मावशीच्या हातचा गरम वडा. चला!"

सगळं गाव पुन्हा माणिकरावाच्या अंगनात. मावशीनं हातानंच पीठ चाचपून वडे थापले, मी तळले. पान पत्र्यावर चढवलं. आन् मला बघा, तिथं एक येड लागलं. म्हनलं, आयती जत्रा जमली हाय, डोळे तपासायला डॉक्टर कशाला पाहिजे?

"सगळ्या म्हाताऱ्या मानसांनी तुळशीच्या ह्या बाजूला उभं राहायचं," मी वरडले. "कावळा आलेला ज्याला दिसंल, त्यानं सांगायचं. गुरुजींची चूक पुन्हा होऊ देऊ नका!"

म्हातारे-म्हाताऱ्या रांगंनं उभे. कोनी कपाळावर हात, कोनी चष्मा पुसून रायलं. पत्र्यावर काहीच न्हाई. निस्तं पान. मी मोठा श्वास घेतला आन् वरडले, "आला! आला बघा!"

"व्हय व्हय, आला!" पहिली म्हातारी म्हनली.

"दिसला, दिसला," तिच्या बाजूचा.

"चांगला मोठा हाय!"

उत्तमसिंग आजोबांनी तर कमालच केली. काठी वर करून म्हनले, "दोन हायत!"

पोरंसोरं हसून हसून मातीत लोळली. रिकाम्या पत्र्यावर अर्ध्या गावानं कावळा पाहिला व्हता. एकानं तर तो कोनीकडं तोंड करून बसला तेबी सांगितलं. मी एकेकाच्या पुढं जाऊन म्हनून रायले, "नाव सांगा. उद्या सकाळी शाळेत. न्हाई म्हनायचं न्हाई, पितर पाहून रायले!" आन् कोनी न्हाई म्हनलं न्हाई. काय तोंडानं म्हननार? हातच्या काकनाला आरसा लागतो का? सोयाबीनवाला म्हनला, चार दिवस वावर थांबंल. थंडीवाला म्हनला, थंडीचं काय, येती न् जाती. 

अशात मागून मावशीचा आवाज आला. ती चुलीपाशी बसली व्हती, मान वाकडी करून.

"आता आला," ती म्हनली. "पत्र्यावर नख वाजलं."

सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच एक कावळा. काळाकुट्ट, ऐटीत. वडा चोचीत धरला आन् उडाला. माणिकरावाला दिसला न्हाई, पर लेकरांनी टाळ्या वाजवल्या तव्हा त्यानं जागच्या जागी हात जोडले. मंग वळून म्हनला, "शकू, माहं नाव बी लिही." तोंड माह्याकडं न्हाई, सोनाजीकडं करून म्हनला, पर म्हनला.

मी रेवतीला फोन लावला. "बाई, बस पाठव. मोठी पाठव!"

"तीस झाले?"

"तीसच्या वर गेले! आन् गुरुजी हाय, पाटील हाय!"

पोरगी तिकडून आनंदानं किंचाळली. पहिल्यांदा मला कोनी आवाजात बराबरीचं भेटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नुसती झुंबड. बॅटरीचा उजेड डोळ्यात मारायचे, पापनी वर करून पाहायचे, आन् कपाळावर चिकटपट्टी लावायचे. पट्टी लागली की जायचं नक्की. सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या लागून रायल्या, आन् मावशीचं मात्र अडलं. बीपी वाढलं व्हतं. नर्स म्हनली, असं नेता येत न्हाई. जरा येळ बसवा, पुन्हा पाहू.

सगळा गाव भरला बसमधी, आन् जिच्यासाठी येवढा खटाटोप केला तीच मागं ऱ्हाती का काय? मी मावशीच्या कानाशी बसून तिला धीर द्यायला लागले. भिऊ नको मावशे, काही होत न्हाई मावशे, निस्ती सुई टोचल्यावानी वाटतं, एका मानसाचा डोळा गेल्ता म्हनत्यात ते खरं न्हाई मावशे. नर्सनं पुन्हा बीपी घेतलं. आजून वाढलेलं.

"ह्या बाईला आधी बाहेर काढा," नर्स म्हनली. 

मला काढलं! सोनाजीनं मला शाळेच्या फाटकाभाईर नेऊन उभं केलं, आन् दात काढून रायला. मी तिथं उभी राहून तोंडात पदर कोंबला. रेवतीनं मावशीला झाडाखाली नेऊन बसवलं, पानी पाजलं. बसचा डायवर हॉर्न वाजवून रायला. पुन्हा पट्टा बांधला, हवा भरली. रेवतीनं लांबूनच मला अंगठा वर करून दाखवला, बीपी उतरलं! मी फाटकापाशीच उडी मारली, वयाचा इचार न करता.

बसमधी जागा निस्ती पेशंटची. मला जाता आलं न्हाई. खिडकीतून मावशीचा हात भाईर आला, हवेत चाचपून रायला. मी धरला. ती काहीतरी म्हनली, पर माणिकराव आन् गुरुजी दोघं मिळून मोठ्यानं देवाचं नाव घेत व्हते, दोघंबी घाबरलेले, त्यात ऐकू आलं न्हाई.

ते दोन दिवस मी चहात साखर टाकली का मीठ, मला ठाऊक न्हाई. गिऱ्हाईकांनी गुमान पिला.

बस परत आली तव्हा स्टँडवर पाय ठिवायला जागा न्हाई. दार उघडलं आन् काळ्या चष्म्याची वरात उतरली. पहिले गुरुजी. पायरीवर पाय ठिवला तो न चाचपता, धाडकन. उतरल्या उतरल्या वर पाहून म्हनले, "तारेवर सात चिमण्या आहेत." कोनी इचारलं नव्हतं. मंग माणिकराव, सोनाजीला बराबर वळखून मिठी मारली. उत्तमसिंग आजोबा तर समोर दिसंल त्याला बोट दाखवून "एक! एक!" करून रायले.

सगळ्यांत शेवटी मावशी. एका हातात पिशवी, एका हातानं दांडा धरलेला. खाली उतरली आन् तिथंच उभी ऱ्हायली. जुनी मानसं तिला पहिल्यापासून ठाऊक, त्यांना ती पाहिल्या पाहिल्या नावानं हाका मारून रायली, "तू केवढा वाळलास रे" म्हनून रायली. पर जी मानसं गेल्या चार-पाच वर्षांत गावात आली, ती तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांच्यापुढं आली की ती थांबायची, टकामका पाहायची आन् म्हनायची, "बोल जरा, म्हंजे कळंल." सोनाजी म्हनला, "मावशी, रामराम." तशी ती हसली. "असा हाईस व्हय रे तू! मला वाटलं उंच असशील."

मंग ती माह्यापुढं आली.

चार वर्षं एका छताखाली राहिले, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या अंगावर कळशी वतली, आन् तिनं माहं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं. कपाळापासून पाहिलं. नाकातली फुली पाहिली, गालावरचा डाग पाहिला, पांढरे केस पाहिले. आन् वाट पाहत उभी ऱ्हायली.

"बोल की बाई," ती म्हनली.

मी तोंड उघडलं. आवाजच निघंना. जिनं रोज स्टँड गाजवलं, तिचा! मी निस्ती मान हालवली. सोनाजी माह्याकडं डोळे फाडून पाहून रायला.

"कोन हाय रे ही?" मावशीनं त्याला इचारलं.

"वळखा की मावशी. शकू न्हाई का?"

मावशीनं पुन्हा एकदा मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आन् ठामपनी मान हालवली. "ही शकू न्हाई. शकूचं तोंड येवढा येळ बंद ऱ्हातच न्हाई."

स्टँडवर हशा पिकला, आन् त्या हशात माहा बांध फुटला. मी भर बाजारात, शंभर मानसांत, भोकाड पसरलं. चारी जीपचे डायवर सीटा बोलवायचे थांबले. 

मावशीनं पिशवी खाली ठिवली, दोन्ही हातांनी माहं तोंड धरलं आन् म्हनली, "आता पटलं. रडती बी किती मोठ्यानं, मेली!"